उष्ट्या पाण्याची बाग

१२ एप्रिल २०१६. मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. गाडीचं नाव 'जलदूत'. त्याआधी मार्चमध्येच पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लागली होती. धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं. नळाला शेवटचं पाणी कधी आलं, हे विचारायचं लोकांनी सोडून दिलं होतं. टँकर कधी येणार, एवढाच प्रश्न उरला होता. त्या दिवशी सगळं लातूर स्टेशनकडे डोळे लावून बसलं होतं आणि मी, सांगायला थोडी लाज वाटते, अंगणात उभी राहून माझ्या बागेचा पंचनामा करत होते.

बारा फूट बाय पंधरा फूट लॉन : गेलं. नऊ गुलाब : गेले. नर्सरीवाल्याने 'मॅडम, यांना काही लागत नाही' म्हणून गळ्यात मारलेले चार अरेका पाम : सगळ्यात आधी गेले. कुंड्यांतली शेवंती, पिटुनिया, फर्न : त्यांची नावं घेण्यात अर्थ नव्हता.

जिवंत होतं ते असं : मोरीचं पाणी बाहेर पडतं तिथली कर्दळ, तिच्या शेजारचा कढीपत्ता, कोपऱ्यातला शेवगा, कुंपणाची कण्हेर आणि दारातली तुळस. अळूची दोन पानंही होती, तळहाताएवढी, पण हिरवीगार. शेवगा आणि कण्हेर स्वतःच्या हिमतीवर जगली असतील. बाकीची मात्र, तुळस सोडून, माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, एका जुन्या ॲल्युमिनियमच्या टोपावर जगली होती. त्या उन्हाळ्यात घरातलं प्रत्येक पाणी त्या टोपातून जायचं. तांदूळ धुतले की टोपात. भाजी धुतली की टोपात. अर्ध्या बादलीची आंघोळ करायची तीही मोठ्या घमेल्यात बसून, आणि घमेलं टोपात उलटं करायचं. दिवसातून दोनदा आत्याबाई तो टोप कमरेवर घेऊन बाहेर यायच्या आणि ठरावीक चार-पाच झाडांच्या बुडाशी रिता करायच्या.

"माझ्या गुलाबाला का नाही घालत?" असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "त्याला उष्टं चालतंय का, ठाव नाही मला. कर्दळीला चालतंय."

या लेखात जे सांगायचं आहे ते त्या दोन वाक्यांत आहे. घरच्या बागेत पाणी वाचवायचं म्हणजे बागेला कमी पाणी घालायचं, असं मला वाटत होतं. आत्याबाईंचा हिशेब वेगळाच होता. बागेच्या नावाचं पाणीच नसतं. घराचं वापरून झालं की जे उरतं ते बागेचं. उष्ट्यावर जगेल तेवढीच बाग.

बादली आणि घड्याळ

पाऊस आला, रेल्वे बंद झाली, नळ सुरू झाले आणि माणसं विसरली. मीही विसरले असते. पण त्या वर्षीच्या दिवाळीत पुन्हा पाइप हातात धरला तेव्हा एक खोड सुचली. पंधरा लिटरची बादली पाइपाखाली ठेवली आणि घड्याळ लावलं. बादली ७० सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला जवळपास १३ लिटर. मी रोज सकाळी चहाचा कप एका हातात आणि पाइप दुसऱ्या हातात धरून वीस मिनिटं बागेत असायचे. म्हणजे दिवसाला अडीचशे लिटरच्या वर. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी पुरवावं, असं पाणीपुरवठ्याचं सरकारी प्रमाण आहे. दोन माणसांचं दिवसभराचं पाणी मी चहा पिता पिता जमिनीवर ओतत होते, आणि त्यातलं निम्मं फरशीवर, पानांवर आणि भिंतीवर पडत होतं.

लॉनचा हिशेब तर आणखी बोलका निघाला. पावसाचं आणि बाष्पीभवनाचं माप मिलिमीटरमध्ये सांगतात. ते आपल्या कामाचं करून घ्यायचं असेल तर एक सोपी खूण लक्षात ठेवावी : एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोब्बर एक लिटर. उन्हाळ्यात आपल्याकडे हिरवळीतून दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी सहज उडून जातं. आमचं लॉन जेमतेम सतरा चौरस मीटरचं होतं. तरी त्याला हिरवं राहायला रोज शंभर लिटर लागत होते. त्याची ना भाजी होत होती, ना फूल, ना सावली.

मग मी घरातलं उष्टं पाणी मोजायला बसले. चार माणसांचं घर. आंघोळीच्या चार बादल्या, प्रत्येकी अठरा लिटरच्या : ७२. कपड्यांचं शेवटचं विसळण दिवसाआड ३५, म्हणजे रोजचं १७ धरू. स्वयंपाकघरात डाळ-तांदूळ-भाजी धुतल्याचं : १०. बेरीज ९९. शंभराला एक कमी. आमच्या उरलेल्या बागेला, लॉन वगळून, भर मे महिन्यातही दिवसाला सत्तर लिटरच्या वर लागत नाही, हे पुढे अनुभवाने कळलं. म्हणजे बागेचं सगळं पाणी आमच्याच घरात होतं. फक्त ते गटारात जात होतं आणि बागेसाठी आम्ही दुसरं आणत होतो.

न्हाणीमागची केळ

उष्ट्या पाण्यावर झाडं वाढवण्यात नवीन काहीच नाही. माझं माहेर रत्नागिरीकडचं. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरीही मे महिन्यात वाड्यांवर टँकर जातात. पाऊस पडणं आणि पाणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोकणातल्या बाईला सांगावं लागत नाही. आमच्या आजोळी न्हाणीघर घराच्या मागच्या अंगाला होतं. न्हाणीच्या भोकातून निघालेलं पाणी पोफळीच्या चिरलेल्या खोडाच्या पन्हळीतून पुढे जायचं. पहिला मान केळीचा, मग अळू, मग हळद, आणि टोकाला माड. भांडी घासायची जागाही परसातच, ठरावीक झाडाच्या बुडाशी. केळ पुरेशी प्याली की आजी पायानेच माती ओढून पन्हळीचं तोंड दुसरीकडे वळवायची.

ही झाडं तिथे होती, कारण सतत ओल असलेल्या, थोड्या कुबट जागेत ती सुखाने वाढतात. केळ, अळू, कर्दळ यांना पाणी भरपूर लागतं आणि त्यांच्या मुळांशी असलेले जिवाणू साबणाचा, तेलाचा, मळाचा बऱ्यापैकी फडशा पाडतात. न्हाणीमागे चिखल होत नसे, डास होत नसत आणि घरात केळी येत असत.

तेच आम्ही लातुरात केलं. प्लंबर आला, त्याने काम ऐकलं आणि माझ्याकडे बघत राहिला. "ताई, लोक मला पाणी बाहेर काढायला बोलावतात." बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीच्या त्या भांड्याला प्लंबर आणि हार्डवेअरवाले आजही 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. न्हाणीघरं गेली, शब्द तेवढा पाइपात अडकून राहिला. आमच्या नशिबाने आंघोळीचा पाइप संडासाच्या पाइपापासून वेगळा होता. ही पहिली अट आहे. दोन्ही पाइप भिंतीतच एकत्र होत असतील तर त्या पाण्याला हात लावू नये.

बाहेर जमिनीत निळं प्लास्टिकचं पिंप अर्धं पुरलं. त्याच्या तळाला मोठी खडी, वर बारीक खडी, वर जाड वाळू. तोंडाशी जाळी, केस अडकायला. पिंपाच्या बुडाजवळून निघालेला पाइप कर्दळीच्या वाफ्यात सोडला आणि वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला जमिनीतच एक खड्डा केला, त्यात पाणी निथळून जमतं. तिथून ते झारीने उचलायचं. दर पंधरवड्याला जाळी काढून धुवायची. हे काम घाण आहे, कुणी हौसेने करत नाही, आणि ते केलं नाही तर तिसऱ्या आठवड्यात बाथरूममध्ये पाणी तुंबतं.

चुका झाल्या. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात कपड्यांचं सगळंच पाणी बागेकडे वळवलं. चार-पाच महिन्यांत जास्वंदीच्या पानांच्या कडा करपल्या आणि तिच्या आळ्यातली काळी माती दगडासारखी झाली. वर पाणी घातलं तर ते मुरायचंच नाही, तळं करून राहायचं. शेतीखात्यातून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्यांनी माती चुरगळून पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही घरात चोपण जमीन तयार केलीत." धुण्याच्या पावडरीत सोडा असतो. त्यातलं सोडियम मातीच्या कणांना धरून बसतं, कण विस्कटतात, मातीतली छिद्रं बुजतात. उसाला वर्षानुवर्षं बेसुमार पाणी देऊन नदीकाठच्या जमिनी नापीक होतात, तेच मी एका आळ्यात केलं होतं. जिप्सम टाकलं, भरपूर शेणखत मिसळलं, एक पावसाळा जाऊ दिला, तेव्हा ती माती सुधारली.

तेव्हापासूनचे आमच्या घरचे नियम असे. फेसाचं पहिलं पाणी गटारात, शेवटचं विसळण बागेत. ब्लीच किंवा फिनाइल पडलेलं पाणी कधीच नाही. मीठ घालून उकडलेल्याचं पाणी नाही. उष्टं पाणी एका दिवसाच्या वर साठवायचं नाही, त्याला वास सुटतो. कोथिंबीर, पुदिना, मेथी, मुळा असं कच्चं खातो ते काहीही या पाण्यावर वाढवायचं नाही. पाणी पानांवर न उडवता बुडाशी द्यायचं. आणि महिन्यातून एकदा साध्या पाण्याने आळं भिजवून साठलेले क्षार खाली जाऊ द्यायचे. पावसाळ्यात हे काम पाऊसच करतो.

याच यादीत आणखी दोन पाणी येतात. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून जे फेकलं जातं, ते दिसतं स्वच्छ, पण यंत्राने काढून टाकलेले सगळे क्षार त्यातच असतात. बोअरच्या जड पाण्याच्या गावात ते रोज कुंडीत घालणं म्हणजे झाडाला सावकाश मीठ भरवणं. ते फरशी पुसायला, संडासात वापरावं. याउलट एसीच्या नळीतून टपकणारं पाणी हवेतल्या बाष्पाचं असतं, त्यात क्षार जवळपास नसतातच. मुंबई-पुण्याच्या गॅलरीतल्या कुंड्यांना ते उत्तम.

वाफसा

इथवर पाणी आलं कुठून हे झालं. आता ते द्यायचं किती आणि कधी, हा प्रश्न. याचं उत्तर मराठी शेतकऱ्याने एका शब्दात करून ठेवलं आहे : वाफसा. जमीन भिजलेली आहे पण चिखल नाही. ओल आहे आणि हवाही आहे. अशी जी मधली, पेरणीजोगी अवस्था, तो वाफसा. झाडाची मुळं पाणी पितात तशी श्वासही घेतात. सतत पाणी भरलेल्या मातीत हवेला जागा उरत नाही, मुळं गुदमरतात, कुजतात. कुंडीतली झाडं जेवढी तहानेने मरतात, तेवढीच लाडानेही मरतात. पानं मलूल झाली म्हणून आपण आणखी पाणी घालतो आणि ते बुडणाऱ्याच्या डोक्यावर घागर ओतल्यासारखं होतं.

वाफसा ओळखायला यंत्र लागत नाही. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायची. वरचा थर कोरडा असला तरी बोटाच्या टोकाला गारवा लागला आणि माती चिकटली, तर आज पाणी नको. मूठभर माती दाबून पाहावी. गोळा झाला आणि कंबरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे. गोळा झालाच नाही, तर तहान. पडूनही चपटा होऊन तसाच राहिला, तर चिखल. लहान कुंड्यांचं मी वजनावरूनच ओळखते. एका हाताने काठ धरून किंचित कलती केली की कळतं. आठ-दहा दिवसांत हात तयार होतो.

बोट घालायला लागल्यावर पहिला शोध हा लागला की रोज पाणी मागणारी झाडं आमच्याकडे होती चारच. बाकीच्यांना हिवाळ्यात तीन-चार दिवसांनी, उन्हाळ्यात दिवसाआड पुरत होतं. आणि थोडं थोडं रोज देण्यापेक्षा दिवसाआड पण पोटभर दिलेलं बरं, हेही कळलं. वरवर शिंपडलं की मुळं वरच्याच दोन बोटांत पसरतात आणि पहिल्या उन्हात होरपळतात. खोल मुरलं की मुळं त्याच्या मागे खाली जातात.

ओल टिकवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे आच्छादन. मातीला उघडं ठेवायचं नाही. वाळलेला पाला, उसाचं पाचट, नारळाच्या शेंड्या, गवत, भुईमुगाची टरफलं, जे मिळेल त्याचा चार बोटं थर. फक्त खोडाला टेकवायचा नाही, तिथे कुजतं. भर उन्हात दुपारी दोनला आच्छादन बाजूला करून खालच्या मातीला हात लावा आणि मग शेजारच्या उघड्या मातीला लावा. दुसरं काही पटवून द्यावं लागत नाही. कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला, तो घराघरांतल्या याच साधनांवर : पालापाचोळा, उसाचं चिपाड, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि घरातलं वापरलेलं पाणी. गच्चीवर बाग म्हणजे ट्रकभर माती हवी, ही समजूत त्यांच्या शिष्यांनी मोडली. कुजलेल्या पाल्याची माती पाणी धरून ठेवते, आणि गच्चीवर वजनही कमी पडतं.

कुंभाराला न विकता आलेलं मडकं

लिंबू आणि दोडक्याच्या वेलासाठी आम्ही मडकी पुरली. ही पद्धत फार जुनी आहे. चीनमध्ये इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात फान शंग-ची याने शेतीवर जे लिहिलं, त्यात पुरलेल्या मडक्याभोवती वेल लावायची रीत आहे. आपल्याकडे नव्याने लावलेल्या फळझाडांना पहिले दोन उन्हाळे जगवायला शेतकरी हेच करतात.

कुंभारवाड्यात गेले आणि पाच लिटरची, झिरपणारी मडकी मागितली. कुंभारमामा हसायला लागले. "झिरपतं म्हणून गिऱ्हाईक परत आणून देतंय, अन् तुम्ही तेच मागायलात!" मग मागच्या ढिगातून सहा काढून दिली, रंग न दिलेली. घरी आणून ती भरून ठेवली. तीन-चार तासांनी ज्यांच्या अंगाला बाहेरून दव आल्यासारखी ओल धरली, ती पास. जी कोरडीच राहिली, ती जास्त भाजलेली. एकातून थेंब ओघळायला लागले, त्याला बारीक तडा होता.

रोपापासून वीतभर अंतरावर मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, तोंड तेवढं वर. आत पाणी भरून वर झाकणी, नाहीतर डास आणि पाली. झालं. यात गंमत अशी की मडकं आपण होऊन पाणी सोडत नाही. भोवतालची माती कोरडी झाली की ती मडक्याच्या अंगातून पाणी ओढते. माती ओली असेल, तर मडकं गप्प. पाऊस पडला तर चार दिवस भरलेलंच राहतं. आमच्याकडे थंडीत एक मडकं चार दिवस पुरतं, मे महिन्यात दोन. महिनाभराने मी एका मडक्याभोवतीची माती हलकेच उकरली तेव्हा दोडक्याची पांढरी मुळं मडक्याला जाळीसारखी मिठी मारून बसली होती.

मडक्याचा शत्रू एकच, जड पाणी. बोअरचं पाणी वापरलं की दीड-दोन वर्षांत मडक्याची छिद्रं पांढऱ्या क्षारांनी बुजतात आणि मग ते नुसतं भांडं उरतं. घासून, व्हिनेगरमध्ये बुडवून थोडं सुधारतं, नाहीतर बदलावं. यातही आंघोळीचं, कपड्यांचं उष्टं पाणी घालू नये. साबणाचा चिकटा छिद्रं लवकर बुजवतो. मडक्यात भाजी धुतलेलं, गाळून, किंवा पावसाचं.

ठिबकही करून पाहिलं. इस्राएलचे सिम्खा ब्लास यांनी १९६५ मध्ये हात्झेरिम किबुत्झसोबत त्याच्या उत्पादनासाठी कंपनी काढली आणि महाराष्ट्राने पुढे ते द्राक्ष, केळी, डाळिंबाच्या बागांत नेलं. कुंड्यांसाठीचा तयार संच मी टायमरसकट घेतला. ताशी दोन लिटरचे तीस ड्रिपर. दहा मिनिटं चालवलं की तीसही कुंड्यांना मिळून दहा लिटर. हिशेब इतका नेमका की मी भाळले. पण आमच्या पाण्याने चौथ्या महिन्यात निम्मे ड्रिपर बुजले आणि आम्ही गावाला गेलो असताना टायमर अडकून टाकी रिकामी झाली. दोष ठिबकाचा नाही. शेतकरी फिल्टर धुतो, नळ्यांची टोकं उघडून घाण काढतो, गरज पडली तर आम्लाचं पाणी सोडतो. मी नुसतं बटण दाबत होते. आता फिल्टर दर रविवारी धुते, आणि आठवड्याच्या वर गावाला जायचं असेल तेव्हाच ठिबक लावते.

पागोळ्यांचा हिशेब

आमची गच्ची सहाशे चौरस फुटांची, म्हणजे छप्पन्न चौरस मीटर. वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस धरला तर तिच्यावर ३९ हजार लिटर पाणी पडतं. उडालेलं, सांडलेलं वजा करून ऐंशी टक्के हाती लागलं तरी ३१ हजार लिटर. हा आकडा ऐकला की माणूस टाकी घ्यायला निघतो. जरा थांबावं. हजार लिटरची टाकी या गच्चीवर तेवीस मिलिमीटरच्या एका चांगल्या सरीत भरते. पुढचं सगळं वाहून जातं. आणि पावसाळ्यात भरलेली हजार लिटरची टाकी उन्हाळ्यापर्यंत पुरत नाही.

म्हणून टाकी उन्हाळ्यासाठी नसतेच. ती असते पावसाने ओढ दिलेल्या ऑगस्टसाठी, दोन सरींमधल्या वीस-पंचवीस कोरड्या दिवसांसाठी. उन्हाळ्याची टाकी जमिनीखाली असते. गच्चीचं उरलेलं पाणी गाळून बोअरच्या बाजूच्या पुनर्भरण खड्ड्यात किंवा साध्या शोषखड्ड्यात जाऊ द्यावं. नांदेड जिल्ह्यात गावोगाव सांडपाण्यासाठी शोषखड्डे केले, तेव्हा गटारं कोरडी पडली आणि डासही कमी झाले. घरच्या टाकीला मात्र घट्ट झाकण आणि बारीक जाळी हवीच. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला आरोग्यखातं सांगतं, तो कुंड्यांखालच्या बशांनाही लागू आहे.

अंगणातला ऊस

हे सगळं केलं तरी एक प्रश्न उरतो आणि तो उपायांचा नसून हट्टाचा आहे. कुठे काय लावायचं?

१९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या मापात न देता माणशी वाटायचं, आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही, हे त्याचे नियम. हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या पुढाकाराने पावसाळ्यानंतर गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पडलं किती, प्यायला लागणार किती, उरणार किती, आणि मग पिकं ठरतात. तिथेही ऊस-केळीला मनाई आहे.

आमच्या मांजरेच्या पट्ट्यातल्या उसावर लातूरकर बैठकीत तावातावाने बोलतात. मीही बोलत असे. पण एका संध्याकाळी लक्षात आलं की माझं लॉन म्हणजे माझ्या अंगणातला ऊसच होता. ज्याला जमिनीने आणि पावसाने बोलावलं नाही, ते मी पाण्याच्या जोरावर बसवलं होतं. उसाचे निदान पैसे येतात.

लॉनच्या जागेवर आता अडुळसा, सदाफुली, गवती चहा, कोरफड, एक पारिजातक आणि मधून फरशीचे तुकडे आहेत. कुंपणाला गोकर्ण आणि बोगनवेल. गुलाब दोनच ठेवले, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळते तिथे. तहानलेली झाडं सगळी एकीकडे, मोरीच्या अंगाला; कमी पिणारी दुसरीकडे. पूर्वी मी रंग बघून रोपं मांडत असे, आता तहान बघून मांडते. बाग पूर्वीपेक्षा सुंदर आहे असं मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात ती थोडी दमलेली, धुळीची दिसते. भोवतालचं माळरानही तसंच दिसतं.

तुळशीचा अपवाद तेवढा आत्याबाईंनी शेवटपर्यंत सोडला नाही. २०१६ मध्येसुद्धा नाही. सगळ्या झाडांना उष्टं, तुळशीला सकाळी एक तांब्या पिण्यातलं पाणी. मी त्यावरून त्यांच्याशी वाद घातला होता. आता त्या नाहीत आणि तो तांब्या मी घालते. घरातल्या एका झाडाला आपल्या वाटणीचं पाणी द्यावं, बाकीच्यांनी आपलं उष्टं घ्यावं, हा हिशेब मला पटायला लागला आहे.

दिवाळीच्या सुमारास पाऊस नुकताच संपलेला असतो. जमिनीत वाफसा असतो, झाडांखाली वाळका पाला पडायला लागलेला असतो. आच्छादन घालायचा, मडकं पुरायचा, बागेचा ताळेबंद मांडायचा हाच काळ. एप्रिलमध्ये सुचलेलं शहाणपण झाडाच्या कामाचं नसतं. आणि नरक चतुर्दशीला पहाटे तेल-उटणं लावून घरातले सगळे न्हातील तेव्हा एक करा. पाण्याचा आवाज सुरू झाला की बॅटरी घेऊन घराबाहेर जा आणि ते पाणी कुठे पडतं, ते एकदा बघून या. आमच्याकडे ते कर्दळीत पडतं.